थॉर्नवेलच्या धोबिणीचे किताब

मी, डॉर्कस स्क्विब, माहेरची पिट्फील्ड, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा कपडे धुणे व इस्त्री (गुडघ्यांमुळे हल्ली बंद), राहणार फाटकाचे घर, थॉर्नवेल, परगणा डॉर्सेट, आज चष्मा लावून, पोटभर न्याहारी करून आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी आजचा वार आणि पंतप्रधानांचे नाव विचारले. मी दोन्ही बरोबर सांगितले आणि पंतप्रधानांविषयी माझे मतही सांगितले. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालणारे सगळे माझ्याआधी गेले. यापूर्वी मी केलेली तीन मृत्युपत्रे रागाच्या भरात केलेली होती, ती रद्द समजावीत. यातही राग आढळल्यास तो विचारपूर्वक ठेवला आहे असे समजावे.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. का द्यायचं ते नको."

मी म्हटले, "का ते लिहिलं नाही तर मागे भांडणं लागतात."

"लिहिलं तरी लागतात."

"हो, पण मग ती ऐकायला तरी बरी असतात."

कलम १. माझ्या कपाटातील फरची कॉलर असलेला काळा कोट मिसेस हेस्टर लव्हलेस यांना द्यावा. त्या आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि तो त्यांना लांब होईल. लांब होईल म्हणूनच देत आहे.

या कोटापासून सगळे सुरू झाले. १९४० च्या सप्टेंबरात जर्मन फौज आमच्या किनाऱ्यावर उतरली आणि महिन्याभरात ट्रेंट नदीपर्यंतचा मुलूख त्यांचा झाला. आपले सरकार नदीपलीकडे उत्तरेला गेले. हवेलीतल्या खऱ्या लेडी थॉर्नवेल त्याआधी अकराच दिवस वारल्या होत्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, किताबाचा वारस कॅनडात कुठेतरी. मी हवेलीच्या धुणेघरात होते. लेडीसाहेबांचे कपडे उन्हे दाखवून पेटीत भरायचे म्हणून मी हा कोट पायऱ्यांवर आणला. खिशांतल्या डांबराच्या गोळ्या काढायला सोपे जावे म्हणून तो अंगात चढवला, असे मी आजवर सांगत आले. ते खोटे आहे. तो मला कसा दिसतो ते पाहायचे होते.

तेवढ्यात मोटार आली. त्यातून एक उंच, चष्मेवाला जर्मन कॅप्टन उतरला आणि पायऱ्यांखाली उभा राहून कमरेत वाकला. आयुष्यात माझ्यापुढे कोणी वाकले नव्हते.

"आपण लेडी थॉर्नवेल?"

माझ्या मागे दारात मिसेस लव्हलेस उभ्या होत्या. त्या हवेलीच्या कारभारीण. त्यांना ऐकू जावे म्हणूनच मी मोठ्याने म्हणाले, "मग काय, धोबीण वाटले?"

कॅप्टनने माफी मागितली. त्याचे नाव विटकाम्प. हवेलीवर नोटीस लावून तो गेला आणि लव्हलेसबाईंनी मला दंडाला धरून आत ओढले.

"काढ तो कोट, बये! तीस वर्षं त्यांच्या खोलीच्या किल्ल्या मी सांभाळल्या. त्यांचा आवाज मला काढता येतो, त्यांची चाल मला येते. आणि लेडी कोण होणार? जिने जन्मभर त्यांचे परकर तेवढे पाहिले ती?"

"परकरांवरून माणूस जेवढा कळतो ना, तेवढा किल्ल्यांवरून नाही कळत, मिसेस लव्हलेस."

हे बोलणे त्यांनी अजून मनात ठेवले आहे. ठेवोत.

कलम २. पाद्रीसाहेब रेव्हरंड सेप्टिमस टिझर्ड यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली निळी वही गावच्या शाळेस द्यावी. मुलांनी ती वाचावी, पण तिच्यावर विश्वास ठेवू नये.

दारावर लावलेली ती नोटीस पाद्रीसाहेबांनी तीनदा वाचली. सतरा ते पंचेचाळीस वयाच्या पुरुषांना समुद्रापलीकडच्या खाणींत कामाला नेणार होते. सूट फक्त उमरावांच्या नोकरांना. उमराव गप्प तर देश गप्प, असे नव्या राज्यकर्त्यांचे गणित होते. म्हणून त्यांनी मोठ्या लोकांचे बूट पुसणारे हात त्यांच्याकडेच ठेवले. बॅरनच्या घराला आठ नोकर, त्यावरच्या व्हायकाउंटला बारा, अर्लला वीस, मार्क्विसला तीस आणि सगळ्यांत वर ड्यूक, त्याला पन्नास.

आमच्या गावात त्या वयाचे बत्तीस पुरुष होते. लॉर्ड थॉर्नवेल साधे बॅरन. म्हणजे माझ्या कोटात आठच माणसे मावत होती.

पाद्रीसाहेब स्वयंपाकघरात येऊन बसले. ते एका सरदाराचे सातवे चिरंजीव. वाट्याला ना जमीन आली ना किताब, फक्त किताबांचे नियम तेवढे तोंडपाठ. आयुष्यभर ते ज्ञान कोणी विचारले नव्हते.

"मिस पिट्फील्ड," ते म्हणाले, "आपल्याला बढती द्यावी लागेल."

"कपडे धुणारीला?"

"बॅरनच्या विधवेला. पण नवऱ्याकडून आता काही मिळायचं नाही, तो मेला. तुम्हाला रक्ताने काहीतरी यायला हवं. खऱ्या लेडीसाहेब माहेरच्या स्कॉटिश. तिकडचे काही जुने किताब मुलीलाही मिळतात. समजा, स्ट्रॅथॉरनचा अर्ल. दोनशे वर्षांपूर्वी बंडात सामील झाला म्हणून किताब जप्त. आता उत्तरेतल्या आपल्या सरकारने तो घराण्याला परत दिला, आणि घराण्यात उरलंय कोण? तुम्ही. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हक्काने काउंटेस."

"हे स्ट्रॅथॉरन आहे कुठे?"

"कुठेच नाही. म्हणून तर तिथे जाऊन चौकशी करता येणार नाही."

कॅप्टन विटकाम्पकडे उमरावांची ती जाडजूड लाल वंशावळ होती. पण तिच्यात चालू किताब तेवढे असतात, मेलेले नसतात. त्यामुळे स्ट्रॅथॉरन तिच्यात नाही यात नवल नव्हते. पाद्रीसाहेबांनी चर्चच्या टाइपरायटरवर उत्तरेच्या सरकारचे पत्र तयार केले. ते तीन देश फिरून आले असे दिसावे म्हणून मी ते ओले करून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा ओले केले. या कामात मला कोणाचे शिक्षण लागले नाही.

बाकी सगळे शिकावे लागले. वंशावळीत लेडीसाहेबांचे नाव सुदैवाने डॉर्कसच होते, पण वय एकसष्ट, माझे बेचाळीस. साडेचार वर्षे मी केसांत पीठ घालून काठी टेकत चालले. पुढे खरी म्हातारी झाले तेव्हा गावात कोणाच्या लक्षातही आले नाही. अर्लच्या मुलीला नावाने 'लेडी अमुक' म्हणायचे, पण बॅरनच्या बायकोला नवऱ्याच्या किताबाने. चुकून उलट म्हटले तर समोरच्या बाईचा बाप बदलतो. हे सगळे, आणि आम्ही रचलेले किताबही, पाद्रीसाहेब निळ्या वहीत लिहून ठेवीत आणि मला भांडी घासता घासता शिकवीत. भांडी तेच घासत, कारण काउंटेसचे हात मऊ दिसायला हवेत असे त्यांचेच म्हणणे होते.

कलम ३. माझे दिवंगत पती जोब स्क्विब यांचे घण, ऐरण व भाता हल्लीच्या लोहारास द्यावीत. वरच्या खोलीतील पितळी पलंग मात्र मोडून विकावा. त्या पलंगावर फार खोटेपणा झाला आहे.

अर्लचे वीसच नोकर झाले, बारा पुरुष उरले. पाद्रीसाहेबांनी पुन्हा वही उघडली. अर्लच्या थोरल्या मुलाला बाप असेपर्यंत, किंवा आमच्या बाबतीत आई असेपर्यंत, घराण्यातला दुय्यम किताब वापरता येतो. म्हणजे मला मुलगा असला तर तो व्हायकाउंट, आणि व्हायकाउंटला बारा नोकर. खऱ्या लेडीसाहेबांचे थॉर्नवेलआधी एक लग्न झालेले होते. त्या लग्नाचा मुलगा वंशावळीत नसला तरी चालण्यासारखे होते. गावात वयाने शोभेल असा आणि दिवसभर पडून राहायला तयार असा एकच निघाला, तो जोब. नुकताच घोड्याने त्याच्या पायावर पाय दिला होता. तो माझ्याहून चारच वर्षांनी लहान. त्याला आम्ही क्षयाचा रोगी केले, म्हणजे जर्मन दारापाशीच थांबतील.

जोबला आजारीपण मानवले. वरून ओरडायचा, "आईसाहेब, भूक लागली!"

"आत्ताच तर खाल्लंस, मेल्या!"

"व्हायकाउंटला मेल्या म्हणतात का? विचार पाद्र्याला!"

अशी बत्तीस माणसे वाचली. कागदावर आमच्याकडे एकोणीस माळी होते आणि बाग बुडाली होती, कारण त्यांतला कोणीच माळी नव्हता.

कलम ४. शाईचा डाग पडलेला कागद, जो माझ्या शिवणाच्या डब्यात घडी करून ठेवला आहे, तो ल्युबेक येथील निवृत्त शिक्षक लोरेंट्स विटकाम्प यांस टपालाने पाठवावा. टपालखर्च माझ्या पैशांतून करावा.

१९४२ च्या वसंतात वरच्या कचेरीतून एक मेजर नोकरांच्या याद्या तपासायला आला. गुबगुबीत, घारा, सतत हातमोजे काढघाल करणारा. शेजारच्या परगण्यात एका खोट्या बॅरनला त्याने पकडले होते आणि त्या माणसाला त्याच्याच अंगणात गोळी घातली होती. यादीखाली माझी सही हवी होती. विटकाम्पने टाक बुडवून माझ्या हातात दिला.

मी दिमाखात लिहिले: लेडी डॉर्कस, काउंटेस ऑफ स्ट्रॅथॉरन.

काटा कुठे धरायचा, कोणाच्या आधी दारातून जायचे, बिशपला काय म्हणायचे, सगळे पाद्रीसाहेबांनी शिकवले होते. सही शिकवायची राहिली होती. उमरावीण सही करताना फक्त आपले नाव आणि किताबाचे गाव लिहिते. 'लेडी' लिहीत नाही, 'काउंटेस' लिहीत नाही. ते सगळे जगाने म्हणायचे असते, आपण लिहायचे नसते. हे तेव्हा त्या खोलीत एकालाच माहीत होते, आणि तो कागद त्याच्या हातात होता.

विटकाम्पने सही वाचली. मग माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. त्याने टाक उचलला आणि त्याच्यासारख्या नीटनेटक्या माणसाने सहीवर शाईचा एवढा मोठा ठिपका पाडला.

"माझा वेंधळेपणा," तो मेजरला म्हणाला. त्याने दुसरा कागद माझ्यापुढे ठेवला. "बाईसाहेब, पुन्हा त्रास देतो. मागे आपणच मला शिकवलं होतंत की तुमच्याकडे सही करताना नाव आणि किताबाचं गाव, एवढंच लिहितात. मी वर्गात मुलांना वेगळंच शिकवत असे. मला फार लाज वाटली होती."

मी त्याला असले काही शिकवले नव्हते. मी लिहिले: डॉर्कस स्ट्रॅथॉरन. मेजरने हातमोजे घातले आणि तो जेवायला बसला. वरून जोबने जेवण मागितले, तेव्हा मी पहिल्यांदाच त्याला मेल्या म्हटले नाही.

पहिला कागद चुरगाळून विटकाम्पने केराच्या टोपलीत टाकला होता. तो मी काढून इस्त्री केला. त्या दिवसानंतर आम्ही दोघे त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तो दर महिन्याला यायचा, मला वाकून नमस्कार करायचा, वर जाऊन दारातूनच व्हायकाउंटच्या तब्येतीची चौकशी करायचा. व्हायकाउंट खोकायचा.

१९४५ च्या मार्चात उत्तरेची फौज खाली आली आणि जर्मन पळाले. विटकाम्प पळाला नाही. टोपी हातात घेऊन तो मागच्या दाराशी आला.

"बाईसाहेब, गेल्या हिवाळ्यात आपला एक माळी दम्याने गेला. यादीत ती जागा रिकामी दिसते."

लव्हलेसबाई म्हणाल्या, "याला ओढ्यात ढकला!" मी त्याला धुणेघरात नेले, कमरेला फडके बांधले आणि दोन दिवस चादरी पिळायला लावल्या, रस्त्यावरचा राग जरा निवेपर्यंत. तिसऱ्या दिवशी मी स्वतः त्याला आपल्या फौजेच्या हवाली केले, सोबत त्याने काय केले त्याचे पत्र दिले. त्याने काय केले म्हणजे सगळेच. सहीचे लिहिले, आणि ज्याबद्दल त्याला मी माफ केलेले नाही तेही लिहिले. ते कलम सहामध्ये येईल. तीन वर्षे कैदेत काढून तो घरी गेला. दर नाताळाला त्याचे पत्र येते. पाकिटावर माझे सगळे किताब बरोबर क्रमाने लिहिलेले असतात, आणि आमचा पोस्टमन ते फाटकापासून मोठ्याने वाचत येतो.

कलम ५. फाटकाचे हे घर, त्यातील कपाटे, कोंबड्या व भांडणे यांसह, माझी भाची टॅम्झिन पिट्फील्ड हिला द्यावे. माझ्या पाचही इस्त्र्या तिलाच. लहान इस्त्री कॉलरसाठी आहे. तिने तिच्यावर पाव भाजू नये.

हे घर मला खऱ्या लॉर्ड थॉर्नवेलने दिले. तो १९४७ साली कॅनडातून आला, धान्याच्या कोठारात काम करणारा, रुंद पंजाचा, मोठ्याने हसणारा माणूस. आल्या आल्या त्याला लंडनहून किताबांच्या कचेरीचे पत्र आले. त्याच टपालाने एक मलाही आले: काउंटेस ऑफ स्ट्रॅथॉरन हा किताब तुम्ही विनाअधिकार धारण केला, तो तत्काळ सोडावा. मी उलट टपाली लिहिले की सोडायला माझी हरकत नाही, पण तो मुळात कोणाचाच नसल्याने कोणाच्या हाती सोडू ते कळवावे. अजून उत्तर नाही.

लॉर्डसाहेबाला सही कशी करायची, हेही मीच शिकवले. एका रविवारी तो म्हणाला, "डॉर्कस, हवेली तर मी विकणारच. पण तू माझ्याशी लग्न केलंस तर खरीखुरी लेडी थॉर्नवेल होशील."

"साहेब, मी काउंटेस होते. आता बॅरनची बायको होऊन दोन पायऱ्या खाली उतरू? शिवाय माझं लग्न ठरलंय."

"कोणाशी?"

"माझ्या मुलाशी."

तो इतका हसला की खुर्ची मोडली. हे घर त्याने आमच्या लग्नात आहेर म्हणून दिले. जोबने पुढची सोळा वर्षे पाहुण्यांसमोर मला 'आईसाहेब' म्हणायचे सोडले नाही, आणि पलंगावरून ओरडून जेवण मागायचेही सोडले नाही. तो गेला त्या आठवड्यात घर इतके शांत होते की मी कोंबड्यांवर ओरडत असे.

कलम ६. माझी बँकेतील सर्व शिल्लक नेदर कॉप्ली गावातील अकरा घरांत सारखी वाटावी. नावे सोबतच्या कागदावर आहेत. ती हलक्या मनाने लिहिलेली नाहीत.

नेदर कॉप्ली ओढ्यापलीकडे, आमच्यापासून पाऊण मैलावर. तिथे हवेली नाही, लॉर्ड नाही, कोट नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या अकरा पुरुषांची नावे निघाली. पाद्रीसाहेब माझ्याकडे आले. बर्फ पडत होते, त्यांच्या भुवयांवर साचले होते.

"मिस पिट्फील्ड, आणखी एक बढती. स्ट्रॅथॉरनचा अर्ल हा मुळात मार्क्विस होता असं निघालं, तर तुम्हाला वीसचे तीस नोकर. मुलगा आपोआप व्हायकाउंटचा अर्ल होतो, त्याचे बाराचे वीस. अठरा जागा निघतात. कॉप्लीचे अकराच आहेत."

मी विचारले, "आणि मेजर?"

"मेजर आहेच," ते म्हणाले. ते खोटे बोलत नसत, पत्रे सोडून.

मी नको म्हटले. म्हटले, मार्क्विस देशात मोजकेच, बोटांवर मोजून कोणीही पकडेल. म्हटले, आपले बत्तीसही जातील. यातले सगळे खरे असेल. पण मी ते म्हटले तेव्हा मला बत्तीस दिसत नव्हते. मला त्या खोट्या बॅरनचे अंगण दिसत होते आणि त्यात मी. आणि सगळेच लिहायचे तर, त्या खोलीत शेकोटी होती आणि मला तिथे बरे वाटत होते.

पाद्रीसाहेब रागावले नाहीत. टोपी घालून गेले. अकरा जण गेले. यादीवर सही विटकाम्पची होती. पाच परत आले नाहीत. तो मला पत्रात लिहितो की मी सही केली नसती तर दुसऱ्याने केली असती. मी त्याला लिहिते की हे मला सांगू नका, मीही स्वतःला असेच काहीतरी सांगत असते.

युद्धानंतर मी कॉप्लीच्या चर्चचे कापड धुवायला घेतले. वेदीवरच्या चादरी, पाद्र्याचे पांढरे झगे. कोणी विचारले तर म्हणे, तुमच्या ओढ्याचे पाणी मऊ आहे. सव्वीस वर्षे मी ते धुतले, पैसा घेतला नाही.

गेल्या ईस्टरला चादरी द्यायला गेले, तर दारात केझाया बग्लर उभी होती. तिचा नवरा त्या पाचांतला. तिने गठ्ठा घेतला, वरची चादर उलगडून उजेडात धरली.

"डॉर्कस," ती म्हणाली, "टिझर्डसाहेबांनी मरायच्या आधी आम्हाला सांगितलं होतं. बढतीचं. पन्नास साली."

वीस वर्षे त्यांना ठाऊक होते आणि वीस वर्षे त्यांनी मला गठ्ठे दिले होते.

"मग कधी बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. रोज वेगळं वाटतं." तिने चादरीची घडी केली. "पण तू मेल्यावर हे कोण धुणार, याची मात्र आम्हा सगळ्यांना काळजी आहे. टॅम्झिनला पांढरं जमत नाही."

टॅम्झिन, हे तू ऐकावेस म्हणून लिहिले आहे. कॉप्लीचे कापड तू धुवायचेस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. नीळ कमी घाल. पैसे देऊ केले तर घेऊ नकोस, आणि का ते विचारले तर सांग.

माझ्या अंत्ययात्रेत कोणी मानाच्या क्रमाने चालू नये. ज्याला जसे जमेल तसे यावे, आणि कॉप्लीचे कोणी आले तर त्यांना वाट द्यावी. दगडावर फक्त नाव आणि साल.

वर लिहिलेले मी स्वतः वाचले, चुका दोन निघाल्या, त्या तशाच ठेवल्या. खालील दोघांना यातून एक पैही मिळणार नाही हे त्यांना आधीच सांगितले आहे आणि तरीही ते थांबले, याबद्दल आभार.

सही: डॉर्कस स्क्विब
स्थळ: थॉर्नवेल, परगणा डॉर्सेट
तारीख: ११ मे १९७१

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली:
१. डॉ. एनिड हॅलेट, थॉर्नवेल
२. मिसेस केझाया बग्लर, नेदर कॉप्ली. (माझे घर त्या अकरांत आहे. वकीलसाहेब म्हणाले, साक्ष दिली तर तुमचा वाटा बुडेल. मी म्हटले, बुडू दे, मला ही सही जवळून पाहायची आहे.)